हाकेची वाट आणि वाटेवरची वही



या व्यासपीठावर दरवर्षी विद्वान मंडळी बोलतात. मी त्यांच्यातला नाही. नववीनंतर माझी शाळा सुटली, ती सुटलीच. पुढे जे काही शिक्षण झाले ते कारखान्याच्या पाळ्यांतून उरलेल्या वेळात, वाचनालयाच्या बाकावर झाले. गेली तीस वर्षे मी कामगार संघटनेचे काम करतो. असा माणूस रेडिओच्या इतिहासावर बोलणार, हे पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. तेव्हा या विषयाकडे मी कसा वळलो ते प्रथम सांगतो.

तीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा तंटा चालू होता. कारखान्याचे नाव घेण्याचे आज कारण नाही. युनियनच्या खोलीत एक टेलिफोन होता, पण तो कंपनीच्या बोर्डावरून जोडलेला. तंटा चिघळला आणि आमचा फोन लागेनासा झाला. बाहेरून कोणी विचारले की उत्तर मिळे, 'खोलीत कोणी नाही.' वस्तुतः आम्ही चौघेजण त्या फोनकडे बघत बसलेले असू. एका बैठकीची वेळ बदलल्याचा निरोप असाच बोर्डावर अडकला. आम्ही पोहोचलो तेव्हा बैठक उरकली होती. पुढे त्या बोर्डावरच्या बाई मला बाजारात भेटल्या. डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, 'दादा, मला तसे सांगितले होते. नोकरीचा प्रश्न होता.' मी त्यांना कधी दोष दिला नाही. पण त्या दिवसापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. हाक मारणारा एकीकडे, ऐकणारा दुसरीकडे. मधली वाट कोणाच्या हाती असते?

पुढे वाचनात आले की हा प्रश्न माझ्या आधी शंभर वर्षे एका माणसाला पडला होता. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे आल्मन स्ट्राउजर नावाचे गृहस्थ अंत्यसंस्काराचे सामान पुरवण्याचा धंदा करीत. आपली गिऱ्हाइके टेलिफोनच्या बोर्डावरून प्रतिस्पर्ध्याकडे वळवली जातात, असा त्यांना संशय आला. प्रतिस्पर्ध्याची बायकोच बोर्डावर होती असेही सांगतात. त्यातले खरे किती आणि रचलेले किती, ते सोडून देऊ. खरे एवढे की १८९१ साली त्यांना स्वयंचलित जोडणीचे पेटंट मिळाले आणि १८९२ साली इंडियाना राज्यातील ला पोर्ट या गावी तशा पद्धतीचे पहिले एक्स्चेंज सुरू झाले. हिंदुस्थानात पहिले स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ साली सिमल्याला आले, आणि १९६० साली कानपूर-लखनौ यांच्यामध्ये ऑपरेटरवाचून परगावचा फोन लागू लागला. मधली व्यक्ती गेली आणि वाट मोकळी झाली, असे लोकांना वाटले. ते कितपत खरे, हेच आज पाहायचे आहे. त्यासाठी मी उदाहरण तारेच्या फोनचे घेत नाही, बिनतारी हौशी लोकांचे घेतो. कारण तेथे मालक नाही, गिऱ्हाईक नाही आणि पगारही नाही. वाटेचा प्रश्न तेथे निव्वळ स्वरूपात दिसतो.

हौशी रेडिओवाला म्हणजे सरकारी परीक्षा देऊन परवाना काढलेला माणूस. त्याला 'हॅम' असेही म्हणतात. त्याला स्वतःचे असे एक संकेतनाम मिळते, जगात दुसऱ्या कोणाचे नसलेले. घरच्या यंत्रावरून तो इतर हौशींशी बोलू शकतो, पण त्यावर धंदा करू शकत नाही. आमच्या संघटनेतले एक इलेक्ट्रिशियन असे परवानाधारक आहेत. त्यांच्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून मी हे सारे प्रथम पाहिले.

आता १९१४ सालात चला. अमेरिकेत कनेटिकट राज्यात हार्टफर्ड येथे हायरम पर्सी मॅक्झिम नावाचे एक इंजिनियर राहत. मशीनगन काढणाऱ्या मॅक्झिमचे हे चिरंजीव. त्यांना आपल्या यंत्रासाठी एक व्हॉल्व्ह हवा होता आणि तो शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील स्प्रिंगफील्डच्या एका हौशीकडे असल्याचे कळले. अंतर तीस मैलांच्या आतले, तरीही यंत्राची हाक तिथवर जाईना. १९१२ च्या कायद्याने हौशींना दोनशे मीटरच्या आतल्या लहरी आणि मर्यादित शक्ती एवढेच दिले होते. तेव्हा मॅक्झिमनी मधल्या विंडसर लॉक्स गावच्या हौशीला गाठले आणि त्याने निरोप पुढे दिला. घटना एवढीशी, पण मॅक्झिमना त्यात एक मोठी गोष्ट दिसली. एकट्याचा आवाज तीस मैल जात नाही. पण वाटेत माणसे उभी असतील तर तो देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाईल. त्याच वर्षी त्यांनी 'अमेरिकन रेडिओ रिले लीग' स्थापन केली. रिले म्हणजे हातोहात पुढे देणे. संस्थेच्या नावातच कामाची रीत होती. १९१७ च्या फेब्रुवारीत या मंडळींनी न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसला निरोप धाडून त्याचे उत्तर एक तास वीस मिनिटांत परत आणले. मधे प्रत्येक ठिकाणी एक माणूस जागा होता. कानाने ऐकत होता, हाताने लिहून घेत होता आणि पुढे ठोकत होता.

या पद्धतीत वाटेची वही कोठे होती? ती प्रत्येकाच्या डोक्यात होती. रात्री कोण जागा असतो, कोणाचे यंत्र कोणत्या दिशेला चांगले चालते, हे शेजाऱ्याला शेजारी ओळखत असल्यामुळे ठाऊक होते. निरोपाला क्रमांक असे, शब्दांची मोजदाद असे; एखादा शब्द वाटेत गळाला तर पुढचा माणूस मागच्याला विचारी. पुढे १९४९ साली लीगने निरोपांच्या या देवघेवीची देशव्यापी व्यवस्था रीतसर बांधली.

त्यानंतर रिपीटर आले. लहान लहरींची सुटसुटीत यंत्रे निघाली. ती मोटारीत बसत, हातात मावत. पण या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. म्हणून डोंगरमाथ्यावर एक यंत्र बसवावयाचे. ते एका लहरीवर ऐकते आणि तेच त्याच क्षणी दुसऱ्या लहरीवर मोठ्याने बोलते. दरीतल्या दोन गुराख्यांना एकमेकांची हाक ऐकू जात नाही, तेव्हा टेकडीवरचा तिसरा ती पुन्हा देतो, तसेच हे. अमेरिकेत १९७२ साली अशा रिपीटरांसाठी वेगळे नियम झाले, इतकी त्यांची संख्या वाढली होती. परंतु एक रिपीटर म्हणजे एक बेट. त्याच्या टप्प्यात असतील तेवढ्यांचा तो चव्हाटा. पलीकडच्या जिल्ह्याशी त्याचा संबंध नाही. १९९७ साली कॅनडात व्हँकूव्हर येथील एका हौशीने अशी बेटे इंटरनेटच्या तारेने जोडण्याची युक्ती काढली. रेडिओवरचे आकडे दाबले की दूरचा रिपीटर जोडला जाई. मात्र येथे गाव गावाला जोडले जाई. माणसाने माणसाला शोधण्याची सोय यात नव्हती.

ती सोय जपानने केली. तेथील हौशींच्या राष्ट्रीय संघाने, सरकारच्या साहाय्याने, एकोणिसाव्या नव्हे तर विसाव्या शतकाच्या अगदी शेवटी संशोधन करून २००१ साली 'डी-स्टार' नावाची पद्धत पुढे आणली. यात आवाजाचे आकड्यांत रूपांतर होते, आणि आकडेच धाडायचे म्हटल्यावर आवाजाबरोबर पत्ताही धाडता येतो. यंत्राचे बटण दाबताच, तोंडातून शब्द निघण्यापूर्वी, एक पाकीट पुढे जाते. त्यावर मुख्यतः चार रकाने असतात, प्रत्येकी आठ अक्षरांचे. पहिल्यात माझे संकेतनाम. दुसऱ्यात ज्याला बोलवायचे त्याचे. तिसऱ्यात मी ज्या रिपीटरवरून बोलतो तो. चौथ्यात त्या रिपीटरचा बाहेर जाण्याचा नाका, ज्याला 'गेटवे' म्हणतात. गावातल्या गावात सर्वांना हाक द्यायची असेल तर दुसऱ्या रकान्यात 'सीक्यू, सीक्यू, सीक्यू' लिहायचे. बिनतारीच्या जुन्या रिवाजात त्याचा अर्थ, 'कोणीही बोला.'

समजा, टेक्सासमधल्या एकाला लंडनच्या मित्राशी बोलायचे आहे. तो दुसऱ्या रकान्यात मित्राचे संकेतनाम घालतो आणि बटण दाबतो. नाका आपली नोंदवही पाहतो: हा मनुष्य शेवटचा कोठे बोलला? वहीत लंडनचा रिपीटर असेल तर हाक तेथे उमटते. मित्र आज मँचेस्टरला गेला असेल आणि तेथील रिपीटरवर त्याने एकदा जरी बटण दाबले असेल, तर वहीतली नोंद आपोआप बदललेली असते. टेक्सासवाल्याला त्याचा ठावठिकाणा ठाऊक असण्याची गरज नाही. घर बदलले तरी पत्र बरोबर आणून देणारा जुना पोस्टमन आठवा, म्हणजे हे ध्यानात येईल. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना ट्रंक बुकिंगमधला पी. पी. कॉलही आठवत असेल. नंबराला नव्हे, नेमक्या व्यक्तीला बोलावून देणारा तो कॉल. डी-स्टारचे मार्ग काढणे म्हणजे बिनतारी पी. पी. कॉलच होय, आणि तोही ऑपरेटरवाचून.

मी हे प्रथम ऐकले तेव्हा मला आनंद झाला. माझा फोन अडवणारा बोर्ड येथे नाहीच! हाक मारणाराच पत्ता लिहितो आणि यंत्र ती नेते. परंतु आमचे इलेक्ट्रिशियन हसले आणि म्हणाले, 'साहेब, जरा वापरून बघा.' मी त्यांच्या शेजारी बसून पाहत गेलो, आणि ऑपरेटर बाई जे काम करीत ते किती मोठे होते हे मला तीस वर्षांनी कळले.

बाई तीन कामे करीत. कोण कोठे आहे हे त्यांना ठाऊक असे. समोरची लाइन मोकळी आहे की कोणी बोलत आहे, हे त्या आधी पाहत. आणि बोलणे संपेपर्यंत दोन्ही टोके जोडलेली ठेवीत. नोंदवहीने यातले पहिले काम उचलले. उरलेली दोन कोणी करायची? ती हाक मारणाऱ्यावर आणि ऐकणाऱ्यावर येऊन पडली.

लंडनच्या रिपीटरवर त्या वेळी दोघे आपसांत बोलत असतील, तर टेक्सासवाल्याला ते ऐकू येत नाही. त्याची हाक त्यांच्या बोलण्यात कोठूनशी येऊन आदळते. त्याने उद्धटपणा केलेला नसतो. त्याला दिसतच नाही. शिवाय लंडनच्या मित्राने हाक ऐकून नेहमीप्रमाणे उत्तर दिले, तर ते लंडनमध्येच फिरत राहते. आपल्या दुसऱ्या रकान्यात टेक्सासवाल्याचे नाव घातल्याशिवाय उत्तर परत जात नाही, कारण मधे जोडून धरलेली तारच नाही. प्रत्येक बोल हे वेगळे पाकीट. इकडे हा वाट पाहतो आणि म्हणतो, 'उत्तर देत नाहीत.' तिकडे तो उत्तर देऊन बसलेला असतो. पुढे कारखान्यांनी यंत्रात एक बटण दिले, ते दाबले की आलेल्या पाकिटावरचे नाव आपसूक उत्तरावर चढते. पण ते बटण दाबायला माणसाला आठवले पाहिजे.

श्रोतेहो, आमच्या चळवळीत एक अनुभव आहे. यंत्र आले की काम नाहीसे झाले असे सांगतात. नीट पाहिले तर पुष्कळ वेळा ते दुसऱ्याच्या डोक्यावर गेलेले असते, आणि त्याला पगार नसतो. येथेही तेच झाले.

मग लोकांनी वेगळी वाट काढली. पहिल्या काही वर्षांतच 'रिफ्लेक्टर' आले. रिफ्लेक्टर म्हणजे इंटरनेटवरचे एक सामाईक दालन. अनेक रिपीटर त्याला जोडायचे. एकाने बोलायचे, सर्वांनी ऐकायचे. कोण बोलत आहे ते ऐकू येते, म्हणून आपली पाळी धरता येते. उत्तर परत जाण्याची चिंता नाही. बाईंची दुसरी आणि तिसरी कामे अशी भागली. परंतु पहिले काम गेले, कारण येथे नेमक्या माणसाला शोधणे नाही. तो दालनात असला तर भेटतो. आणि एक नवा तंटा उभा राहिला. दूरदेशीची दोन माणसे तासभर गप्पा मारीत असली तर जोडलेल्या प्रत्येक गावचा रिपीटर तेवढा वेळ त्यांच्यापायी अडकतो. गावच्या माणसाला गावच्या टेकडीवरून बोलता येत नाही.

या तंट्यावर आणखी एक तोड निघाली, ती युरोपातून. २००५ साली युरोपच्या दूरसंचार मानक संस्थेने कारखाने, गोद्या, वाहतूक अशा धंद्यांसाठी डी. एम. आर. नावाचे मानक प्रसिद्ध केले. हौशींनी ते आपल्याकडे उचलले. त्यात एकाच लहरीचे तीस-तीस मिलिसेकंदांचे आळीपाळीचे दोन भाग पडतात, म्हणून एका रिपीटरवर दोन संभाषणे एकाच वेळी चालतात. एक भाग गावाला, दुसरा जगाला, अशी वाटणी करता येते. आम्हा पाळीवाल्यांना ही युक्ती समजावून सांगावी लागत नाही: यंत्र एक, पाळ्या दोन. येथे संकेतनामांऐवजी आकडे असतात. माणसाला सात आकडी क्रमांक आणि गटाला गट-क्रमांक. भारतातील हौशींचे क्रमांक ४०४ ने सुरू होतात. एखाद्या गटावर बटण दाबले की तो गट आपल्या रिपीटरवर काही मिनिटांपुरता उतरतो, आणि कोणी बोलेनासे झाले की निघून जातो.

एवंच, पाकीट, दालन आणि पाळी अशा तीन तऱ्हा झाल्या. तिन्ही एकाच जुन्या प्रश्नाची उत्तरे आहेत. आणि तिन्हींच्या मागे एक नोंदवही आहेच.

या वहीविषयी बोलल्याशिवाय विषय पुरा होत नाही. जपानबाहेर डी-स्टार पसरू लागला तेव्हा नाक्यांची मुख्य वही टेक्सासमधील हौशींचा एक गट सांभाळत असे. ते काम त्यांनी विनामोबदला केले, हे आधी कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. पण नाका तेथे जोडलेला नसेल आणि माणसाची नोंदणी झालेली नसेल, तर त्याचे नाव वहीत येत नसे. आणि वहीत नाव नाही त्याला हाक जात नसे. पुढे युरोपातील हौशींनी दुसरी, अधिक मोकळी वही उभी केली. वह्या दोन झाल्यावर एकीत सापडणारा माणूस दुसरीत सापडेना, अशीही अडचण आली. मग त्या जोडण्याची खटपट करावी लागली. आवाजाचे आकडे करणारी रीतही एका कंपनीच्या मालकीची होती. डी-स्टारचे नियम सर्वांना खुले, पण आवाज बांधणारी ती चकती विकत घ्यावी लागे. ऑस्ट्रेलियातील डेव्हिड रो यांनी 'कोडेक टू' नावाची खुली रीत तयार केली, आणि २०१९ साली पोलंडमध्ये सुरू झालेल्या 'एम-सतरा' या प्रकल्पाने तिच्यावर एक नवी पद्धत उभारली. वही आणि आवाज दोन्ही आपल्या हाती असावेत, ही हौशी मंडळींची धडपड मला आपल्या चळवळीतल्यासारखीच वाटते.

कोणी म्हणेल, हौसेच्या खेळात एवढा विचार कशाला? त्याला उत्तर म्हणून एक प्रसंग सांगतो. २००४ च्या डिसेंबरात श्रीमती भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी रेडिओच्या एका मोहिमेवर अंदमानात गेले होते. २६ डिसेंबरला भूकंप झाला, समुद्र चढून आला. टेलिफोन तुटले. ज्या यंत्रावर जगभरच्या हौशींना हाका द्यायच्या, त्याच यंत्रावर मंडळींनी माणसांची ख्यालीखुशाली द्यायला सुरुवात केली. पोर्ट ब्लेअरमध्ये नावे वाचली जात आणि मुख्य भूमीवर कोणीतरी ती कागदावर उतरून घेई. गेटवे नव्हता, दालन नव्हते. विंडसर लॉक्सच्या माणसाने नव्वद वर्षांपूर्वी जे केले तेच येथे चालले होते: ऐकणे, लिहिणे, पुढे देणे.

इंटरनेटवर जोडलेले रिपीटर मोलाचे आहेत, परंतु त्यांची वाट दुसऱ्याच्या तारेवरून जाते. तार तुटली की प्रत्येक रिपीटर पुन्हा बेट होतो. बेट झाले तरी तालुक्यापुरता त्याचा उपयोग राहतो, हे खरे. पण पलीकडच्या तालुक्यापर्यंत निरोप नेण्याचे काम तेव्हा माणसावरच येते. ते काम करणारी माणसे आधीपासून तयार असावी लागतात. आमचे इलेक्ट्रिशियन म्हणूनच आठवड्यातून एक रात्र डिजिटल यंत्र बाजूला ठेवतात आणि जुन्या लहान लहरींच्या संचावर निरोप घेण्याचा सराव करतात. शब्द मोजतात, राहिलेला शब्द परत विचारतात. मी त्यांना विचारले, 'एवढी सोय असताना हे कशाला?' ते म्हणाले, 'सोय आहे तोवरच सराव होतो.'

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला या इतिहासात अर्धेच सापडले. वाट कोणाच्या हाती? ज्याच्या हाती वही, त्याच्या हाती. वहीवाचून वाट नाही आणि वही सांभाळणाऱ्यावाचून वही नाही. मधली व्यक्ती स्ट्राउजरच्या यंत्रानेही गेली नाही आणि डी-स्टारनेही नाही. ती फक्त नजरेआड झाली. उरलेले अर्धे उत्तर आपणच द्यायचे आहे. वही सांभाळणारा कोण आहे हे आपल्याला ठाऊक असावे, ती उघडून पाहता यावी, आणि 'तसे सांगितले होते' म्हणून कोणाची हाक अडवण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये.

त्या तंट्याच्या काळात, फोन अडल्यावर, आम्ही दुसरी वाट काढली होती. नाक्यावरचा चहावाला, त्याच्यापुढे चाळीतली एक आजी, तिच्यापुढे शाळेतून येणारा तिचा नातू, असा आमचा निरोप जाई. नातू दारात येऊन म्हणे, 'काका, नीट ऐका, मग पुन्हा म्हणून दाखवा.' आम्ही म्हणून दाखवीत असू. त्यानंतर आमची एकही बैठक चुकली नाही.